तिसऱ्या तक्त्यातले दोन आकडे

१

तेजश्रीचा शोध चोरीला गेलाय, हे तिला सरकारी पत्रानं कळवलं. पत्र पेटंट कार्यालयाचं होतं, सात पानांचं, आणि त्याचा मतलब एका ओळीचा: बाई, तुम्ही जे मागताय ते तुमच्या चार दिवस आधी दुसऱ्यानं मागितलंय, तर तुमचा अर्ज का मंजूर करावा ते सहा महिन्यांत सांगा. त्यातले दोन महिने तिनं गप्प बसण्यात घालवले आणि मग ते पत्र घेऊन माझ्या दुकानात आली.

मी सोमलिंग. धारूरच्या पेठेत थोरल्या भावाचं भांड्यांचं दुकान आहे, तिथं गल्ल्यावर बसतो. त्याआधी तीस वर्षं मुंबईला पेटंट परीक्षक होतो. म्हणजे लोकांनी नवं म्हणून आणलेलं जुनंच कसं आहे, हे दाखवून द्यायचा पगार घेतला. माझा स्वभाव तिथंच आंबला आणि आता सुधारायचं वय राहिलेलं नाही.

तेजश्रीला मी एकदाच पाहिलं होतं. केजजवळच्या तिच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझं भाषण ठेवलं होतं. सगळे जांभया देत होते आणि ही एकटी लिहून घेत होती. नांदूरघाटची पोर, एकोणतीस वर्षांची. सहा वर्षं त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवत होती, म्हणजे जितके तास तितकीच नोकरी आणि सुट्टीत घरी बस. असल्या नोकरीत तिनं क्वांटम कॉम्प्युटरचा गोंगाट मारायची युक्ती शोधली.

गोंगाट म्हणजे इथं आवाज नव्हे. त्या यंत्रातले हिशेब करणारे कण इतके हळवे असतात की बारीकशी ऊब, विजेचा इवलासा झटका लागला तरी हिशेब विसरतात. तिची युक्ती अशी, की दहा कणांतल्या एकाला हिशेबाला लावायचंच नाही. त्यानं राखण्यासारखं नुसतं कान देऊन बसायचं. त्याला जो धक्का ऐकू येतो त्यावरून पुढचा धक्का कधी येणार ते ताडायचं आणि तो यायच्या क्षणी बाकीच्या नऊजणांना बरोबर उलटा धक्का द्यायचा. तसं राखण्या ठेवायची कल्पना जगात होती. ताडायची रीत मात्र हिची होती. मी तीस वर्षांत असले अर्ज पुष्कळ वाचले, पण एवढा स्वच्छ विचार क्वचित पाहिला.

मी विचारलं, हे गेलं तर काय जाईल? तिनं पत्राची घडी घातली.

"काका, सहा वर्षांत माझं म्हणावं असं एवढंच हाय. हे गेलं तर मी नुसती तासिकेवरची बाई."

चार दिवस आधी ज्यानं अर्ज केला होता, ती पुण्यातली एक नवीकोरी कंपनी होती. तो अर्ज आता सगळ्यांना बघायला खुला होता. मी तो मोबाईलवर उघडून वाचायला लागलो. भाषा सफाईची होती, आकृत्या नव्यानं काढलेल्या होत्या. नवव्या पानावर तिसरा तक्ता आला तसं तेजश्रीनं बोट ठेवलं.

"हा माझा हाय," ती म्हणाली.

२

तक्ता साधा होता. तेजश्रीनं आपली धक्के टिपणारी पेटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौदा दिवस चालू ठेवली होती आणि आजूबाजूचा गोंगाट रोज दोनदा मोजला होता, दिवसा एकदा, रात्री एकदा. अठ्ठावीस आकडे. पुण्याच्या कंपनीच्या तक्त्यातही अठ्ठावीस. वर लिहिलं होतं, मोजमाप पुणे येथील आमच्या प्रयोगशाळेत केले.

नुसते आकडे सारखे आहेत म्हणून चोरी सिद्ध होत नाही. आम्ही तिच्याकडून नाही, तिनंच आमच्याकडून घेतले, असं ते म्हणू शकत होते. मी तिला घरी पाठवलं आणि दोन दिवस त्या आकड्यांकडे बघत बसलो. गिऱ्हाईक पातेली वाजवून बघत होतं, भाऊ माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. मी दोघांकडेही लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं. तीन दिवस दिवसाचा आकडा मोठा, रात्रीचा लहान. मग चार दिवस रात्रीचा मोठा, दिवसाचा लहान. मग पुन्हा तीन, पुन्हा चार. हे वेळापत्रक आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. शेतीच्या मोटारींची थ्री-फेज लाईट आमच्याकडं अशीच येते, आठवड्यात तीन दिवस दिवसा आणि चार दिवस रात्री. लाईट आली की कोसभरातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि त्यांचा धक्का तारेतून थेट कॉलेजच्या भिंतीत येतो. तिच्या पेटीनं तो धक्का इमानदारीनं टिपला होता. पुण्याच्या त्या भागात कुणाचा ऊस भिजत होता, हे कंपनीनं मला सांगावं.

चोरानं भाषा बदलली, चित्रं बदलली, पण आकड्यांना तो परका होता. आकड्यांत काय बोललंय ते त्याला कळलंच नाही. मी खूश होऊन तेजश्रीला फोन लावणार होतो, तेवढ्यात पुन्हा दोन्ही तक्ते शेजारी धरले आणि थांबलो.

अठ्ठावीसपैकी सव्वीस आकडे तंतोतंत होते. सातव्या आणि आठव्या रात्रीचे दोन मात्र वेगळे. तेजश्रीकडं एकसष्ट आणि पंधरा, कंपनीकडं एकवीस आणि अठ्ठेचाळीस. कंपनीचे ते दोनच लाईटच्या वेळापत्रकात बसत नव्हते. सव्वीस जसेच्या तसे उचलणारा माणूस दोनच आकडे कशाला बदलेल? मला एकच उत्तर सुचलं. बदलले नाहीत, त्याला ते दिसलेच नाहीत आणि त्यानं अंदाजानं ठोकून दिले.

मग मी तेजश्रीला विचारलं की हा तक्ता कुठं कुठं होता. ती म्हणाली, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर आणि घरी, देव्हाऱ्यात.

३

आता हे देव्हाऱ्याचं प्रकरण ऐका आणि माझ्याबरोबर कपाळावर हात मारा. अर्ज तीस मार्चला तयार झाला होता. त्याच दिवशी कॉम्प्युटरवरून पाठवला असता तर ही गोष्टच घडली नसती. पण तिच्या भावकीतला एक चुलत आजा बावीस तारखेला वारलेला. घराला सुतक. तिचे वडील विठ्ठलराव म्हणाले, सुतकात शुभकाम करायचं न्हाई, आन् फिटल्यावर पाडवा हायच की नऊ तारखेला, मुहूर्तावर धाडू. एवढी शिकलेली पोरगी, तिनं मान डोलावली. छापील फाईल घरी नेऊन ठेवली आणि पाडव्याची वाट बघत बसली. पेटंट कार्यालय पंचांग बघत नाही, हे मी भाषणात सांगायचं विसरलो होतो.

कॉम्प्युटरपाशी जाणारा एकच माणूस होता, शिवशंकर. प्रयोगशाळेचा सहायक प्राध्यापक, कायम नोकरीवाला. तेजश्रीशी त्याचं जमत नव्हतं. ती त्याच्यापेक्षा हुशार आहे हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही. मी त्याला कॉलेजच्या कँटीनमध्ये गाठलं.

तो आधी चिडला, मग मोकळा झाला. मत्सर वाटतो हे त्यानं तोंडावर कबूल केलं, आणि त्यामुळं मला तो थोडा आवडला. म्हणाला, तिच्या फाईलमधलं अर्धं मला आजही समजत नाही, मी चोरून काय करू? मग आपण होऊन त्यानं एक गोष्ट सांगितली. एप्रिलच्या दोन तारखेपासून तेजश्रीनं तापाची रजा टाकली होती. ही खोटी रजा असणार असं वाटून तो त्याच दिवशी पाहायला म्हणून तिच्या घरी गेला, खरं तर चहाडी करायला कारण शोधायला. तिची आई छबुबाई म्हणाली, झोपलीय. तो दहा मिनिटं समोरच्या खोलीत बसला. फाईल तिथं फळीवर होती.

मी म्हटलं, खिशात मोबाईल होता. उघडून फोटो काढायला दहा मिनिटं लई झाली.

"काढू शकलो असतो," तो म्हणाला. "मनात आलतं बी. पण सुतकाच्या घरात कशाला हात लावावा म्हणून बसून राहिलो."

माणूस खोटं बोलताना स्वतःला चांगला दाखवतो. हा तर आपला हलकेपणा उलगडून दाखवत होता. तरी मी त्याला सोडला नाही. घरातली ती फाईल बघितल्याशिवाय कुणालाच सोडायचं नव्हतं.

आणि रजेचं काय, हे मी तेजश्रीला विचारलं, तेव्हा ती खाली बघायला लागली. तिला ताप नव्हता. दोन ते पाच तारखेपर्यंत ती पुण्याला होती. एका मैत्रिणीच्या संस्थेत किमती मोजणीयंत्र होतं, तिथं वरिष्ठांना न कळवता दोघींनी पेटी तपासून घेतली. कॉलेजला कळलं असतं तर तासिका गेल्या असत्या, मैत्रिणीची तर नोकरीच गेली असती. म्हणून तापाचा अर्ज. खरं फक्त घरच्यांना माहीत होतं.

४

नांदूरघाटचं घर साधं, सिमेंटचं, दारात जास्वंद. छबुबाईनं मला पाटावर बसवलं, चहा दिला आणि मी फाईल मागितल्यावर हात धुऊन देव्हाऱ्यातून काढून आणली. देवाला दाखवलेला कागद टाकायचा कसा, म्हणून ती दीड वर्ष तिथंच होती.

तिसऱ्या तक्त्याचं पान काढून अगदी वर ठेवलेलं होतं आणि त्यावर हळदीकुंकवाचं एक बोट ओढलेलं. ओल्या कुंकवाचा लांब टिळा, सातव्या रात्रीपासून आठव्या रात्रीपर्यंत. मी कागद उजेडाकडं धरला. लाल रंगाखालून एकसष्ट दिसत होतं, पंधराही दिसत होतं. थोडं फिकट, पण दिसत होतं.

मी तिला विचारलं, ह्याच पानावर कुंकू का लावलं? ती म्हणाली, मला वाचता येत न्हाई, पण ह्या पानावर लई आकडे होते, म्हणलं हेच मोलाचं असंल. बाईचा अंदाज चुकला नव्हता.

आता ऐका. मोबाईलनं फोटो काढला असता तर रंगीत आला असता आणि लालाखालचे आकडे वाचता आले असते. झेरॉक्सच्या काळ्या-पांढऱ्या यंत्राला मात्र लाल रंग काळा दिसतो. तिथं टिळ्याच्या जागी काळा पट्टा उमटणार आणि दोन आकडे जाणार. म्हणजे नक्कल झेरॉक्सवर झाली. घरात झेरॉक्स नाही, गल्लीतही नाही. म्हणजे हीच फाईल उंबऱ्याबाहेर गेली होती.

मी कुंकू कधी लावलं ते विचारलं. छबुबाई माझ्याकडं बघतच राहिली, एवढा मोठा माणूस आणि असं कसं विचारतो. सुतक असताना देवाला हात लागतो का? तेरावं तीन तारखेला झालं, घर सारवलं, आंघोळ्या झाल्या, संध्याकाळी तिनं फाईल फळीवरून देव्हाऱ्यात ठेवली आणि तेव्हा कुंकू लावलं. त्याआधी तिच्यावर काही नव्हतं.

शिवशंकर दोन तारखेला आला होता. त्यानं त्या दिवशी काहीही केलं असतं तरी त्याला अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आकडे मिळाले असते. तो सुटला. फाईल बाहेर गेली ती तीनच्या संध्याकाळनंतर आणि पाच तारखेच्या आधी, कारण पाचला कंपनीचा अर्ज दाखल झाला होता. मध्ये एकच दिवस उरला.

"चार तारखेला फाईल घराबाहेर गेलती का?" मी विचारलं.

"गेलती की," ती हरखून म्हणाली. "ह्यांनी नेलती नारायणगडाला, पाया पडायला. पोरीचं भलं व्हावं म्हणून."

बोलता बोलता माझी नजर तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर गेली. तिथं फोटोच्या चौकटीत एक कागद लावला होता. तेजश्रीच्या धाकट्या भावाचा, रामेश्वरचा, शिक्षक म्हणून कायम नेमणुकीचा आदेश. संस्था तीच, जिच्या कॉलेजात तेजश्री सहा वर्षं तासिकेवर होती. तारीख पंधरा एप्रिल.

मी चहा पुरा केला नाही.

५

विठ्ठलराव मला शेताच्या बांधावर भेटले. उंच, देखणा म्हातारा, बोलण्यात मान राखणारा. मी काही आढेवेढे घेतले नाहीत. म्हटलं, गडाच्या वाटेवर बीड लागतं, आणि बीडात विजयसिंहसाहेबांचं घर आहे. विजयसिंह म्हणजे त्या संस्थेचे अध्यक्ष. पुण्याच्या कंपनीचा मालक त्यांचा जावई, हे मी तोपर्यंत शोधून काढलं होतं.

त्यांनी नाही म्हटलं नाही. आमच्याकडं रीतच आहे, त्यात त्यांना लपवण्यासारखं वाटलं नसावं. लग्नाची पत्रिका असो, नवी गाडी असो, देवाच्या पायावर घालायची आणि मग साहेबांच्या दारात न्यायची. साहेबांनी हात लावला की काम झालं. विठ्ठलराव तसेच गेले. साहेबांनी विचारलं, पोरीनं काय काढलंय म्हणे? यांनी फाईल पुढं केली. चहा आला. चहा होईपर्यंत आत कुणीतरी फाईल नेऊन परत आणून दिली. मग साहेबांनी रामेश्वरची चौकशी केली.

मी विचारलं, आत फाईल कशाला नेली हे तुम्हाला कळलं नव्हतं का? त्यांनी बराच वेळ बांधावरचं गवत उपटलं.

"कळलं," ते म्हणाले. "यंत्राचा आवाज आला बाहीर. पण तेवढ्यात साहेब म्हणाले, रामेश्वरचं करून टाकू. मी गप बसलो."

"आणि तेजश्रीचं?"

"पोरगी आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. तिचा शोध तिच्यासंगं जाईल. पोरगं हितं राहणार हाय. तुमीच सांगा, म्हाताऱ्या मानसानं काय करावं?"

माझ्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. पण समोरचा माणूस खलनायक असता तर बरं झालं असतं. हा तर पोरीला लहानपणी खांद्यावर घेऊन शाळेत सोडणारा बाप होता, हे तिनंच मला सांगितलं होतं. मी फक्त एवढंच मागितलं, की हे जे मला सांगितलंत ते दोन ओळींत लिहून द्या. मुलीला न विचारता फाईल दाखवली, बस्स. कायद्यात सोय आहे. चोरून मिळवलेल्या शोधावर पेटंट मिळत नाही. तिचा हक्क परत येईल.

ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, ते तेवढं जमायचं न्हाई.

६

तेजश्रीला मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं एकदाच विचारलं, यंत्राचा आवाज ऐकला असं आबा स्वतः म्हणाले का. मी हो म्हटलं. मग ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसली आणि कंपनीविरुद्ध हरकत लिहायला घेतली. माहिती कुणाकडून गेली, या प्रश्नापुढं वडिलांचं नाव आणि नातं तिनं स्वतःच्या अक्षरात घातलं. मी तिला सांगितलं की हे कागद उद्या जग बघेल. ती लिहीत राहिली.

आम्ही लाईटचं वेळापत्रक जोडलं, कुंकवाच्या पानाचा रंगीत फोटो जोडला, झेरॉक्स करून काळा पट्टाही दाखवला. मला वाटलं, जिंकलो. वकील काय चीज असते, हे तीस वर्षं बघूनही विसरलो होतो.

महिन्याभरात कंपनीचं उत्तर आलं आणि त्यांनी पवित्रा बदलला. होय, म्हणाले, आकडे तेजश्रीचेच, पुणे हे चुकून छापलं गेलं. पण फाईल आम्हाला तिच्याच इच्छेनं मिळाली. संस्थेनं शोध पुढं न्यावा म्हणून तिनं ती अध्यक्षांकडं पाठवली आणि नंतर लोभ सुटून स्वतः अर्ज केला. सोबत तिच्या वडिलांचं शपथपत्र होतं: चार एप्रिलला सकाळी तेजश्रीनं घरी स्वतःच्या हातानं फाईल माझ्याकडं दिली आणि साहेबांना द्या म्हणाली. खाली विठ्ठलरावांची सही. तिच्या आजाराच्या रजेचा अर्ज जोडला होता, चार तारखेला ती घरीच होती याचा पुरावा म्हणून. वर शिवशंकरचा जबाब, की तिची आई म्हणाली ती झोपलीय. तो बिचारा खरंच बोलला होता.

चार तारखेला ती पुण्याला होती, आणि ते सिद्ध करणारा एकही कागद आमच्याकडं नव्हता. तिकीट रोखीचं, कधीच फाटलेलं. मैत्रिणीनं फोन उचलणं बंद केलं. तिनंच लिहून दिलेला ताप तिच्याविरुद्ध उभा होता. ती पुण्याला गेल्याचं ज्यानं डोळ्यांनी पाहिलं असा एकच माणूस होता. दोन तारखेला पहाटे तिला मोटारसायकलवरून केजच्या स्टँडवर सोडणारा. त्याचं शपथपत्र समोर पडलेलं होतं.

कायद्यानं तिला एक अधिकार होता. शपथपत्र देणाऱ्याला सुनावणीत प्रश्न विचारता येतात. मी तिला म्हटलं, विचारू नकोस. तो पुन्हा खोटं बोलेल, या वेळी तुझ्या तोंडावर, आणि तुझ्याजवळ शोधही राहणार नाही आणि बापही. आकड्यांवर लढू. ती म्हणाली, बघते.

७

सुनावणी मोबाईलवर चालते आजकाल. आम्ही मागच्या खोलीत, पितळी घागरींच्या उतरंडीपुढं बसलो होतो. पडद्यावर एका चौकोनात सुनावणी घेणारा अधिकारी, वयानं माझ्या मुलासारखा, सभ्य. दुसऱ्यात कंपनीचा वकील. तिसऱ्यात साहेबांच्या बीडच्या कचेरीतली खुर्ची, आणि तीत विठ्ठलराव, कडक इस्त्रीचा सदरा, टोपी. इतक्या जवळून कॅमेऱ्यापुढं ते पहिल्यांदाच बसले असावेत. ते सारखे पडद्यात आपल्या मुलीचा चेहरा शोधत होते.

अधिकाऱ्यानं त्यांना शपथ दिली. वकिलानं शपथपत्र वाचून दाखवलं आणि हे खरं का विचारलं. हो, म्हणाले. आवाज कोरडा होता. मग अधिकाऱ्यानं तेजश्रीला विचारलं, साक्षीदाराला तुमचा काही प्रश्न आहे का?

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला.

फाईल, साहेब, चार तारीख, यांपैकी तिनं कशाचं नावही काढलं नाही. घरी चुलीपुढं बसून बोलावं तशी ती बोलली.

"आबा, त्या बारीला मी पुण्याला गेलते, तवा तुमी मला डब्यात काय दिलतं?"

वकील काहीतरी म्हणाला, याचा संबंध काय वगैरे. पण म्हातारा बोलायला लागला होता. तिचा प्रश्न ऐकला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"धपाटे," ते म्हणाले. "आन् शेंगाची चटणी. तुझी माय उठली नव्हती, सुतकाच्या कामानं थकलीती. मीच थापले. जाड झालते. स्टँडवर तू म्हणली, आबा, चार दिवस पुरतील एवढे कावून केले? मी म्हणलं, पाच तारखेला येशील तवर पुण्यात तुला कोण करून घालणार हाय?"

साहेबांच्या कचेरीतून कुणाचा तरी हात पुढं आला आणि आवाज बंद झाला. पण अधिकाऱ्यानं लिहून घेतलं होतं. त्यानं आवाज पुन्हा चालू करायला लावला आणि हळूच विचारलं, म्हणजे चार तारखेला तुमची मुलगी पुण्यात होती? मग तिनं घरी तुमच्या हातात फाईल कशी दिली?

विठ्ठलरावांना तेव्हा कुठं कळलं. त्यांनी वकिलाकडं पाहिलं नाही, साहेबांच्या माणसांकडंही पाहिलं नाही. पडद्यातच बघत राहिले. शेवटी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, न्हाई दिली. मीच नेलती.

८

तीन आठवड्यांनी निकाल आला. कंपनीचा अर्ज फेटाळला, कारण त्यातली माहिती शोधकर्तीकडून गैरमार्गानं मिळवली होती. तेजश्रीच्या अर्जावरची हरकत उठली. खोट्या शपथेबद्दल विठ्ठलरावांना वेगळी नोटीस निघाली. संस्थेनं रामेश्वरचा आदेश रद्द केला, कारण काही त्रुटी सापडल्या म्हणे, आणि तेजश्रीच्या तासिकाही बंद केल्या. हरकत घेतल्यापासून तेजश्री केजला खोली घेऊन राहत होती; तिथं छबुबाईनं निरोप धाडला की दिवाळीला येऊ नको.

निकालाचा कागद मी तेजश्रीला दुकानात दिला. भावानं पेढे आणले होते. पहिल्यांदाच त्या माणसानं माझ्या उद्योगाचं कौतुक केलं. मीही खुशीत होतो, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं नकार लिहिले आणि एका पोरीचा होकार मिळवला. मी म्हटलं, तो प्रश्न तुला सुचला कसा? मी असतो तर तारखेवर बोट ठेवलं असतं आणि म्हातारा सावध झाला असता.

तिनं पेढा हातात धरला होता, तोंडात घातला नाही.

"सुचायचं काय त्यात," ती म्हणाली. "तारीख इचारली असती तर ते साहेबाचे झाले असते. डबा इचारला की ते माझे आबा होतात, हे मला ठाऊक होतं. तेच वापरलं मी."

मी म्हटलं, तू फक्त खरं काढून घेतलंस. त्यांनी तुझ्याशी जे केलं त्यापुढं हे काहीच नाही.

तिनं पेढा परत खोक्यात ठेवला. बाहेर माझा भाऊ कुणाला तरी कढईची किंमत सांगत होता.

"काका, सुनावणीच्या आदल्या दिवशी रातभर मी देवाला हेच म्हणत होते की त्यांनी खोटं बोलावं," ती म्हणाली. "म्हणलं, धपाट्याचं बी खोटं सांगावं. मग मला जन्मभर राग तरी धरता आला असता."